न पाहिलेल्या कुस्तीचे वृत्त

श्री

नंदुरबार, पौष शुद्ध एकादशी, शके १८६०

चिरंजीव नवल यास पितांबरदादाचे अनेक आशीर्वाद; आणि अखिल हिंद क्रीडावृत्तकार संघाचे उपकार्यवाह राजमान्य राजेश्री नवलराव यांस त्याच दादाचा साष्टांग नमस्कार. (दोघेही एकाच खोलीत राहतात असे कळल्यामुळे तिकीट एकच लावले आहे.) इकडील मंडळी सुखरूप आहेत. तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या दगूमावशीचे, गुडघे थंडीने कुरकुरतात. पण गेल्या आठवड्यात ती लोणखेड्याहून बैलगाडीने आली, तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकातले सात दोष काढले आणि त्याच गाडीने परत गेली, त्यावरून एकंदर प्रकृती ठणठणीत असावी. तुझे कसे आहे? मुंबईच्या हवेने खोकला होतो म्हणतात. लहानपणी गोट्या हरलास की तुला खोकला होत असे, आणि आपण हरलो नसून आजारी होतो असे तू संध्याकाळपर्यंत सिद्ध करीत असस. त्या जातीच्या खोकल्यावर अडुळसा चालत नाही, एवढे ध्यानात असू दे.

तुझे पत्र, संघाच्या नियमांचे पुस्तक आणि पितळी बिल्ला अशी तिन्ही पोचली. बिल्ला सुबक आहे. त्यावर लेखणी आणि बॅट अशी एकमेकांवर तिरपी ठेवलेली आहेत. आमच्या गल्लीत बॅटीशी कोणाचा परिचय नसल्यामुळे ते धुणे बडवण्याचे धोपटणे आहे असे ठरले, आणि गुरुजी आता लिहिणाऱ्या परिटांच्या सभेत गेले अशी बातमी बाजारपेठेपर्यंत पोचली. मी ती खोडून काढली नाही. सभासदांची यादीही वाचली. मुंबईचे एकोणीस, पुण्याचे दोन, कलकत्त्याचे एक (तेही आता बदली होऊन मुंबईसच असतात असे तूच खाली टिपले आहेस) आणि पश्चिम खानदेशचा मी. म्हणजे संघाच्या नावात जो ‘अखिल हिंद’ आहे, त्याचा बराचसा भार माझ्या एकट्याच्या खांद्यावर आलेला दिसतो. ज्याला आखाड्याच्या कडेला उभे केले तर माती डोळ्यांत गेली म्हणून रडत घरी नेत, तो आमचा नवल आज साऱ्या देशातल्या खेळांच्या बातम्या लिहिणाऱ्यांची शिस्त सांभाळतो, हे पाहून समाधान वाटते. देवाने प्रत्येकाला त्याच्या भीतीचेच खाते सोपवलेले असते.

तू पत्रात एक आनंदाची गोष्ट म्हणून जे लिहिले आहेस, त्यामुळेच हे उत्तर लांबले. संघाच्या कार्यकारिणीला माझे सारंगखेड्याच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे वृत्त फार आवडले. मानाच्या कुस्तीचा जो प्रसंग मी रंगवला आहे, मावळत्या सूर्यासमोर दोन्ही मल्लांनी एकमेकांस दिलेले आलिंगन वगैरे, तो ‘प्रत्यक्षदर्शी लेखनाचा आदर्श’ म्हणून संघाच्या पहिल्या पत्रिकेत छापून देशभरच्या सभासदांस (म्हणजे मी सोडून उरलेल्या बावीस जणांस) वाटायचा ठराव झाला आहे, असे तू लिहितोस. हे वाचून तुझ्या वहिनीने गल्लीत साखर वाटली. मी मात्र पंचांग काढून बसलो. त्याचे कारण सांगायचे तर मला अकरा वर्षे मागे जावे लागेल. तू उपकार्यवाह आहेस, तुला वेळ असेल.

गुजर शेतकऱ्याच्या घरात संस्कृत शिकलेला मुलगा म्हणजे भुईमुगाच्या शेतात लावलेले कमळ. दिसायला बरे, पण काढणीला काही नाही. बडोद्याहून शिकून आलो तेव्हा वडिलांनी मला दोनदा नांगराला लावून पाहिले आणि मग नंदुरबारच्या शाळेत सोडले. तेथे धुळ्याच्या साप्ताहिकाला एक कुस्त्यांचा बातमीदार हवा आहे असे कळले. अट एकच, शुद्ध लिहिणारा हवा. कुस्ती पाहता येते का, हे कोणी विचारले नाही. मला ती येत नाही. माझी नजर पोथीच्या लांबीइतकी. त्यापुढे दोन मल्ल भिडले की मला चार पायांचे एकच जनावर दिसते. शिवाय आखाड्याच्या तांबड्या मातीने मला शिंका येतात, आणि मानाच्या कुस्तीच्या ऐन रंगात बातमीदार शिंकला तर दोन्ही गावांचे लोक त्याचा अर्थ लावतात. म्हणून मी दुरूनच वृत्त देऊ लागलो. डावांची नावे एका जाणत्याकडून उतरवून घेऊन वर्णानुक्रमे लावली आणि दर यात्रेला क्रमाने तीन वापरली. कोणाची तक्रार आली नाही. उलट यंदा डाव फार वैविध्याचे झाले, अशी पत्रे आली.

याहून मोठी अडचण टपालाची. साप्ताहिकाचे खिळे गुरुवारी जुळतात. दोंडाईच्याहून धुळ्याला जाणारी मोटार दुपारी सुटते, आणि यात्रेतून तिथवर टांगा पोचवायचा तर पाकीट सकाळीच हाती द्यावे लागते. मानाची कुस्ती तर सूर्यास्ताला. पण येथे आपल्या लोकांची रीत माझ्या मदतीला आली. तुला आठवत असेल, मानाच्या कुस्तीत कोणी जिंकत नाही. एका गावचा मल्ल पडला की त्या गावच्या गाड्या परतीच्या वाटेवर दुसऱ्या गावच्या गाड्यांना वाट देत नाहीत, आणि मग पुढची दोन वर्षे सोयरिकी अडतात. म्हणून पंच असलेले आपले उखाकाका सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला की दोघांच्या मध्ये आपले उपरणे धरतात, कुस्ती बरोबरीत सुटते, दोघांना फेटे मिळतात आणि चांदीचे कडे देवाच्या पायाशी ठेवले जाते. अकरा वर्षे मी सकाळी दहा वाजता ‘बरोबरीत सुटली’ असे लिहीत आलो आणि अकरा वर्षे ते संध्याकाळी खरे होत आले. अनुमानाला याहून भक्कम आधार शास्त्रातसुद्धा सापडणार नाही. धूर पाहून अग्नी ओळखणाऱ्यांनी तरी अकरा वर्षे एकच डोंगर कोठे पाहिला होता?

यंदाही तसेच केले. बैलगाडीच्या सावलीला बसून सूर्यास्त लिहिला (तेव्हा सूर्य डोक्यावर चढत होता, त्यामुळे डोळे मिटूनच लिहावा लागला), आलिंगन लिहिले, पाकीट टांग्याला दिले, दगूमावशीने दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि गाडीखाली घोंगडीवर आडवा झालो. मध्येच एकदा मोठा गलका झाला. घोडेबाजारातला एखादा घोडा सुटला असेल असे समजून मी कूस बदलली.

घोडा सुटला नव्हता. घोडे पाहायला आलेल्या प्रांतसाहेबांना मानाची कुस्ती पाहायची होती, आणि चहाच्या वेळेला मुक्कामी परतायचेही होते. म्हणून शेवटची कुस्ती सर्वांत आधी लावली. साडेतीनचे ऊन. उखाकाका उपरणे हातात घेऊन सूर्याकडे पाहत राहिले, आणि सूर्य काही खाली येईना. साहेबासमोर कुस्ती उगीच थांबवावी तर कारण काय सांगायचे? तेवढ्यात, विडा लावून तोंडात घालायला लागतो तितक्या वेळात, शिरपूरकडच्या झिपरू पहिलवानाची पाठ मातीला लागली. साहेबांनी टाळी वाजवली. कडे देवाच्या पायाशी न जाता मनगटात गेले.

ते मनगट सलाउद्दीनचे. तू त्याला ओळखणार नाहीस. कल्हईवाल्या अनीसचा हा मुलगा. अनीस वारल्याला आता सहा वर्षे झाली. मुलगा जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलतो आणि पहाटे तालमीत जातो. स्वभावाने इतका अबोल की शाळेत मी त्याला तीन वर्षे ‘राम’ शब्द चालवायला सांगितला आणि तो अजून प्रथमेतच उभा आहे. त्याला मानाच्या कुस्तीसाठी पहिल्यांदाच उभे केले होते, आणि येथे जिंकायचे नसते हे त्याला सांगायचे सगळ्यांच्याच राहून गेले.

आता माझ्याकडून क्रम कसा घडला तो पाहा. गुरुवारी मी घरी आलो. शुक्रवारी तुझ्या संघाचा अर्ज आला: वृत्ताचे ताजे कात्रण जोडावे आणि ‘मी वृत्त दिलेला प्रत्येक सामना स्वतः पाहिलेला आहे’ या प्रतिज्ञेखाली सही करावी. शनिवारी सकाळी साप्ताहिक आले. शाई ओली असतानाच मी कात्रण कापले, चिकटवले, सही केली, टपालात टाकले आणि फार दिवसांनी चालताना काठी फिरवीत घरी परतलो. ओट्यावर सलाउद्दीन आणि त्याची आई अख्तरबानो बसली होती. बाई घरात उर्दू बोलते. माझ्याशी भांडायचे असले की अहिराणी, म्हणजे मला काही कळले नाही अशी सबब राहत नाही. तिच्या हातात साप्ताहिक होते. तिला वाचता येत नाही, पण जिनिंगमधल्या कारकुनाने वाचून दाखवले होते. ती ओरडली नाही, हेच मला जड गेले. म्हणाली, “गुरुजी, मन्हा पोऱ्यानी त्याले चीत करं. आख्खी जत्रानी दखं. तुम्हीच कशे नही दखं?”

मी म्हटले, पाहतो. (हे उत्तर थोडे उशिराचे होते.)

बाईचा सवाल नुसत्या अभिमानाचा असता तर मी दोन गोड शब्द आणि गुळाचा खडा देऊन भागवले असते. पण मागे कागद होता. गुजरातेतल्या एका संस्थानाच्या दिवाणांचे पत्र सलाउद्दीनला आले आहे. (संस्थानाचे नाव लिहीत नाही, दरबारी माणसांना नाव छापून आलेलेही खपत नाही आणि न आलेलेही.) महाराजांच्या तालमीत एक जागा रिकामी आहे, कायमचा खुराक, राहायला खोली, आईला बरोबर आणण्याची मुभा. तेथे येणारा प्रत्येक पहिलवान आपण चाळीस जणांना लोळवल्याचे तोंडी सांगतो, म्हणून दिवाणांनी नियम केला आहे की एक तरी निखळ विजय वर्तमानपत्रात छापलेला दाखवावा. वय सत्ताविसाच्या आत हवे. सलाउद्दीनला येत्या चैत्रात अठ्ठाविसावे लागते. हजर राहण्याचा दिवस वसंतपंचमी (पंचांग त्यासाठीच काढले होते). मुलाचा उजवा खांदा गासड्यांनी उतरायला लागला आहे, हे त्याच्या आईने मला सांगितले नाही. तिने त्याला ओट्यावरून उठायला सांगितले आणि तो डाव्या हाताने टेकून उठला.

तेव्हा मी साक्षीदार गोळा करायला निघालो, आणि येथे मला शास्त्राने न शिकवलेली गोष्ट कळली. आपल्याकडे प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत बळकट, असे मी मुलांना शिकवतो. ते खोटे आहे. लोणखेड्याला जाऊन उखाकाकांना विचारले. ज्यांनी स्वतःच्या हाताने त्या मुलाच्या मनगटात कडे चढवले, ते उखाकाका. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग साप्ताहिकावर हात ठेवला (उलटे धरलेले होते) आणि म्हणाले, “पितांबर, मी दखं ते मन्हा डोयानी दखं. पन छापामा उनं ते कोर्टमाबी चालस. डोया कोर्टमा चालतस का?” मी म्हटले, काका, छापले ते मीच लिहिले आहे. ते म्हणाले, मग तुला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तू तर शिकलेला. नंदुरबारला परत येईपर्यंत टांगेवाला, पानवाला आणि शाळेचा शिपाई, तिघेही यात्रेला गेलेले, सूर्यास्ताचे आणि आलिंगनाचे वर्णन मलाच ऐकवू लागले. शिपायाच्या तर डोळ्यांत पाणी आले. माझ्या लेखणीचा असा गौरव पूर्वी झाला नव्हता, आणि पुढे होऊ नये अशी इच्छा आहे.

यावर कळस शिरपूरकडच्या मंडळींनी चढवला. कुस्ती बरोबरीत सुटली असे त्यांनीही वाचले, आणि बरोबरी असेल तर कडे एकाकडे कसे, हा त्यांचा सवाल तर्काला धरूनच होता. गाडीभर लोक सोनाराची करवत घेऊन सलाउद्दीनच्या दारात आले. कडे अर्धे कापून द्या. मला बोलावणे आले. मी पोचलो तेव्हा अख्तरबानो दारात कल्हईची जुनी सांडशी घेऊन उभी होती आणि सलाउद्दीन कडे काढून द्यायलाच निघाला होता. त्याला वादापेक्षा करवत बरी वाटते. झिपरू पहिलवान गाडीच्या चाकाआड उभा होता. फार मोठा देह, लपत नव्हता. शेवटी तोच पुढे आला आणि सलाउद्दीनला म्हणाला, “भाऊ, पाठ मन्ही लागनी. कडं तुन्हंच शे.” त्यावर त्याच्याच गावचा एक म्हातारा गाडीतून खेकसला, “तू छापापेक्षा शाना व्हई गया का रे?” झिपरू पुन्हा चाकाआड गेला. पण करवत गाडीत परत गेली. अशा रीतीने साऱ्या खानदेशात त्या कुस्तीत काय झाले हे कबूल करणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे हरलेला.

धुळ्याच्या संपादकांना मी दुरुस्ती छापण्याविषयी लिहिले. त्यांचे उत्तर सभ्य आहे. दुरुस्ती छापता येईल, पण कारण द्यावे लागेल. खिळे जुळवणाऱ्याची चूक म्हणावी तर पंचवीस ओळींचा सूर्यास्त चुकून जुळत नाही. मग उरते एकच कारण, बातमीदार जागेवर नव्हता. ते त्याने सहीनिशी लिहून द्यावे. मात्र त्याच अंकात पहिल्या पानावर ‘आमचे बातमीदार राष्ट्रीय संघाचे सभासद’ असा चौकटीतला मजकूर जायचा आहे, तेव्हा दोन्ही एकमेकांशेजारी कसे दिसतील याचा गुरुजींनी शांत चित्ताने विचार करावा. मी विचार केला. चित्त शांत झाले नाही. शाळेच्या चालकांपैकी दोघे त्या साप्ताहिकाचे वर्गणीदार आहेत, तुझ्या वहिनीने वाटलेली साखर लोकांच्या पोटात आहे, आणि तुझ्या नियमांच्या पुस्तकातला सातवा नियम मी आता पाठ म्हणू शकतो: न पाहिलेल्या सामन्याचे वृत्त देणाऱ्या सभासदाचे नाव पटावरून काढून ते पत्रिकेत प्रसिद्ध करावे.

म्हणून, चिरंजीव, मी एक मधला मार्ग काढला आहे आणि त्यासाठीच हे पत्र. सातव्या नियमात ‘स्वतः पाहिलेला’ असे शब्द आहेत. कोठून, किती आणि कोणत्या वर्षी पाहिलेला, हे दिलेले नाही. मी मानाची कुस्ती लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आहे. कुस्ती जातीने एकच, व्यक्तीने अनेक. जाती पाहिली म्हणजे व्यक्ती पाहिली असे म्हणणारा न्यायशास्त्रात एक पक्ष आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एवढा अर्थ तू कार्यकारिणीकडून मान्य करून घे. मग दुरुस्तीची गरजच उरत नाही. राहिला सलाउद्दीनचा प्रश्न. त्याला संघाच्या शिक्क्याचा एक वेगळा दाखला द्यावा. मी मसुदा केला आहे: ‘सदरहू कुस्ती बरोबरीत सुटली, तथापि सदरहू मल्ल प्रतिस्पर्ध्याहून किंचित अधिक बरोबरीत होता असे संघाचे मत आहे.’ राष्ट्रीय संघाचा शिक्का पाहिल्यावर दिवाण फार खोलात जाणार नाहीत. साप्ताहिक सुखी, संघ सुखी, पत्रिकेतला सूर्यास्त जागच्या जागी. सलाउद्दीनही बहुधा सुखी.

तुझ्या वहिनीचे तुला आशीर्वाद. मुंबईस थंडी पडत नाही म्हणतात, तरी मफलर असू दे. उपकार्यवाहाचा घसा संघाच्या मालकीचा असतो. मुलगी पाहायला माघात येणार आहेस का, हे दगूमावशीने मला तीनदा विचारले. एकदा मला, दोनदा माझ्या देखत भिंतीला. कळवावे.

तुझा
पितांबर

ता. क. हे पत्र पाकिटात घालणार तोच सलाउद्दीन आणि अख्तरबानो आली. दाखल्याची व्यवस्था झाली असे मी सांगितले, तर बाई म्हणाली, काय लिहिले ते वाचून दाखवा. मी सारे वाचले. (तिच्याविषयीचा सांडशीचा मजकूर गाळून. तो तिच्या लक्षात आला.) तिने डोक्यावरचा पदर सारखा करीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकले, गोट्यांच्या ठिकाणी हसलीसुद्धा. मग म्हणाली, “गुरुजी, इतला कागद भरात. मन्हा पोऱ्या जितना हाई कोठे लिखेल शे?”

मी शोधले. झिपरूची पाठ मातीला लागली, हे आहे. कडे मनगटात गेले, हे आहे. शेवटी मी तिचेच वाक्य तिला दाखवले, की हे पाहा, चीत केले असे यात स्पष्ट आहे. ती म्हणाली, “ते मन्हं बोलनं व्हतं. तुम्हनं कोठे शे?”

नवल, आठ पाने मी उलटीसुलटी पाहिली. तो जिंकला, असे माझे वाक्य नाही. सलाउद्दीन ओट्याखाली चपला हातात घेऊन उभा होता. आईला म्हणाला, चाल, गासड्या उतरवायला उशीर होतो. तो रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते.

ता. क. दुसरा. वरचा मधला मार्ग रद्द समजावा. जातीचा आणि व्यक्तीचा वाद तू कोणापुढे काढू नयेस. तो पक्ष टाकाऊच आहे. खालचा मजकूर तेवढा खरा धरून तुझ्या पत्रिकेत सूर्यास्ताच्या जागी छापावा, आणि संघाच्या शिक्क्याची एक प्रत वसंतपंचमीच्या आत मिळेल अशी टाकावी. हाच मजकूर धुळ्याला सहीनिशी वेगळा पाठवत आहे. झिपरूचा अंगठा सोबतच्या कागदावर आहे. करवतीच्या दिवशी त्याने जाता जाता माझ्याकडून कागद मागून घेऊन तो स्वतःहून उठवून दिला होता. गेले सोळा दिवस तो माझ्या पोथीत होता आणि मी तो तुला पाठवणार नव्हतो.

‘मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्याच्या यात्रेत मानाच्या कुस्तीत सलाउद्दीन वल्द अनीस, राहणार नंदुरबार, याने झिपरू पहिलवान यास ढाक हा डाव लावून चीत केले. सलाउद्दीन जिंकला. या कुस्तीचे पूर्वी छापलेले वृत्त खोटे आहे. ते मी कुस्तीपूर्वी साडेपाच तास लिहिले. कुस्ती चालू असताना मी गाडीखाली झोपलो होतो. साक्ष: स्वतः झिपरू. पितांबर पाटील, संस्कृत शिक्षक.’

सातव्या नियमाप्रमाणे काय करायचे ते तू मागेपुढे न पाहता कर. माझ्या जागी पश्चिम खानदेशचा दुसरा कोणी मिळेपर्यंत देश थोडा लहान राहील, त्याला इलाज नाही. बिल्ला याबरोबर परत पाठवत आहे. तुझ्या वहिनीने तो चिंच लावून घासून आणून दिला.

हा मजकूर अख्तरबानोने दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या वेळी ‘सलाउद्दीन जिंकला’ या तीन बोटांएवढ्या जागेवर तिने बोट ठेवले, हेच का ते, असे विचारले, आणि ते बोट तसेच ठेवून मुलाला हाक मारून दाखवले. मग म्हणाली, “आते पाकीट चिकटाडा.”